पान लागलं तर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीला सामान्य विज्ञान शिकवलं. पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं की ते खूश व्हायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बरं. पण असं का?" आज पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी आहे, आणि मला सारखं वाटतंय की तो प्रश्न तिथूनच येणार.

संयोजकांनी मला विषय दिला तो समुद्रातल्या विषारी जेलीफिशचा. शिराळ्यात जेलीफिश! आपल्या मोरणा नदीत मासे मिळतात, खेकडे मिळतात, पुराच्या दिवसांत वाहून आलेली खाट मिळते. जेलीफिश कुणाच्या गळाला लागल्याचं ऐकिवात नाही. पण विषय उगाच निघालेला नाही. आपल्याकडच्या घराघरांतलं एकतरी माणूस मुंबईला आहे. आधी गिरणीत, मग माथाडीत, आता आणखी कशाकशात. अशाच एका घरातला चौथीतला मुलगा पावसाळ्यात काकाकडं गेला, जुहूच्या वाळूवर त्याला काचेसारखा चकाकणारा निळा फुगा दिसला, आणि त्यानं तो उचलला. पोरगं किंचाळायला लागलं. मनगटापासून कोपरापर्यंत तांबड्या रेघा उठल्या, कुणी छडीनं फोडून काढल्यासारख्या. जमलेल्यांपैकी एकानं ओली वाळू चोळली, दुसऱ्यानं पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली, तिसऱ्यानं जे सुचवलं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही ओळखलं असेल. मुलगा बरा झाला. गावात मात्र वाद पेटला की करायला काय पाहिजे होतं. म्हणून मला बोलावणं आलं.

तर आधी समुद्राकडं जाऊन येऊ. फार वेळ थांबायचं नाही, कारण मला परत भाताच्या बांधावर यायचंय.

तो निळा फुगा म्हणजे ब्लू बॉटल. पावसाळी वाऱ्याबरोबर तो मुंबईच्या किनाऱ्यांवर येऊन पडतो. खरं तर ही जेलीफिशही नव्हे, एकमेकांना चिकटून राहणाऱ्या जीवांची ती वसाहत आहे. पण डंख मारायची रीत दोघांची एकच. खाली लोंबणाऱ्या धाग्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पोकळ दोरीची गुंडाळी. कातडीचा स्पर्श झाला की कुपीचं झाकण उडतं, दोरी सुटते आणि आत घुसते. त्यासाठी प्राण्याला रागवावं लागत नाही, तो जिवंत असावा लागत नाही. वाळूवर मरून पडलेला फुगाही डंख मारतो. आणि धागा कातडीला चिकटला म्हणजे सगळ्या कुप्या उडाल्या असं होत नाही. बऱ्याचशा भरलेल्याच राहतात. वाळूनं चोळा, गोडं पाणी ओता, की त्या उडायला लागतात. म्हणजे जुहूला त्या पोराला पहिला डंख ब्लू बॉटलनं केला, आणि दुसरा मदतीला धावलेल्या माणसांनी.

करायचं ते सोपं आहे. समुद्राच्याच पाण्यानं हात धुवायचा, चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा हातात काहीतरी घालून अलगद काढायचे, आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, २० मिनिटं बुडवून ठेवायचा. सोसवेल की नाही हे दुखत नसलेल्या हातानं आधी बघायचं, नाहीतर विषाच्या जोडीला भाजल्याचं दुखणं. व्हिनेगरबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ब्लू बॉटलला ते नको, असं ऑस्ट्रेलियातले लोक म्हणतात. हवाईतले संशोधक चालेल म्हणतात. गरम पाण्यावर दोघांचं एकमत आहे. त्याच ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला बॉक्स जेलीफिश आहे. तिचा मोठा विळखा बसला तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि तिथं मात्र व्हिनेगर आधी ओततात, कारण त्यानं तिच्या न उडालेल्या कुप्या गप्प बसतात. आपल्या मुलाला जुहूला भेटला तो ब्लू बॉटल. पण छातीत दुखलं, दम लागला, डंख डोळ्याजवळ असला, तर गरम पाण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता गुरुजींचा प्रश्न. असं का? एकाच ऑस्ट्रेलियात सापाला एक उपचार आणि जेलीफिशला दुसरा, असं का? तिथं १९७९ साली स्ट्रुअन सदरलंड नावाच्या डॉक्टरांनी साप चावल्यावर अख्ख्या हातापायाला रुंद पट्टी गुंडाळून, फळी बांधून तो स्थिर करायची रीत शोधून काढली. ती तिथल्या सापांना लागू पडली. मग लोक जेलीफिशच्या डंखालाही तीच पट्टी गुंडाळायला लागले. पुढं लक्षात आलं की दाबामुळं कुप्यांतलं उरलंसुरलं विष आणखी आत जातंय, आणि जेलीफिशसाठी ती रीत सोडून दिली. विष आत शिरलं कसं आणि आत शिरल्यावर कुठल्या वाटेनं चालतं, यावर उपचार ठरतो. नुसतं 'विष' म्हणून भागत नाही. एवढं गाठीला बांधून समुद्राला राम राम करू.

आपल्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तिन्हीसांजेनंतर तर सापाचं नावही घेत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. भाषा म्हणून मला हे फार आवडतं. डॉक्टर म्हणून त्याचा ताप झालाय. रात्री दोनला दार वाजतं, बाहेर चार माणसं, आणि विचारलं तर सांगतात, "कायतरी लागलंय बघा." काटा लागला, पत्रा लागला, का पान लागलं? ते कुणी तोंडातून काढायला तयार नाही.

आणि हे कुठल्या गावात? बत्तीस शिराळ्यात. घरातल्या बाईला मातीच्या नागाची पूजा करताना बघून गोरक्षनाथांनी जिवंत नाग पुढ्यात ठेवला, ही कथा इथलं शेंबडं पोर सांगतं. माझ्या लहानपणी पंचमीच्या आधी पोरं रानात बिळं हुंगत फिरायची. पकडलेला नाग गाडग्यात, गाडग्याच्या तोंडाला फडकं. पंचमीला पुरणाची दिंडं, विळी-तवा बंद, अंबामातेच्या देवळाकडं मिरवणूक. पुढं १९७२ चा वन्यजीव कायदा, न्यायालयातले दावे, आणि २०१४ साली उच्च न्यायालयानं जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुकी बंद केल्या. २०२५ मध्ये केंद्रानं शैक्षणिक कारणासाठी म्हणून २१ नाग पकडायला परवानगी दिली, त्यावर चौकाचौकांत अजून बोलणं चालू आहे. मी त्या वादात पडत नाही. माझं मत विचारलंत तर नागाला गाडग्यात काय वाटत असेल हे मला कळतं, आणि ज्यांचं अख्खं बालपण त्या मिरवणुकीत गेलं त्यांना काय वाटतं हेही कळतं. दुधाचं मात्र खोटं आहे. साप दूध पीत नाही. तहानेनं कासावीस झालेला साप पुढ्यात येईल ते पितो.

मला त्या जुन्या पोरांचे हात आठवतात. नाग समोर फणा काढून असताना झटका नाही, ओरडणं नाही, घाई नाही. हात सावकाश पुढं, सावकाश मागं. सापासमोर इतकं शांत राहणारं हे गाव, माणसाला साप चावला की त्याच माणसाभोवती किती गोंधळ घालतं! कोण दोरी आणतो, कोण ब्लेड आणतो, कोण मिरची चारतो, कोण लिंबाचा पाला. कडू लागला तर विष चढलेलं नाही म्हणे. घोणस चावलेल्याला पाला शेवटपर्यंत कडू लागतो. घोणशीच्या विषाचं जिभेशी भांडण नाही, रक्ताशी आहे.

बोलता बोलता मी घोणशीवर आलो, ते बरंच झालं. आपण नागाला ओळखतो, कारण नाग आपली ओळख करून देतो. उभा राहतो, फणा काढतो, फुत्कारतो. बाकीच्या तिघांची पंचमी कुणी करत नाही. महाराष्ट्रात माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पश्चिमेकडं चांदोलीच्या जंगलात झाडावरचा हिरवा चापडा आहे, तोही विषारी, पण त्यानं मेलेला माणूस विरळा. घोणस जाड, अंगावर साखळीच्या कड्यांसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. उसाच्या पाल्यातल्या घोणशीवर पाय पडतो तेव्हा ती पळत नाही. ती पळणाऱ्यांतली नाहीच. गवतात पडून राहते आणि चावते. आपली माणसं तिला 'अजगर आहे, गरीब आहे' म्हणून हातात धरतात. डुरक्या घोणस म्हणून बिनविषारी साप आहे, त्याच्याशीही गल्लत होते. मण्यारीची आणि कवड्याची तशीच. पट्टे मोजून साप ओळखायची हौस चावलेल्या माणसाच्या जिवावर कुणी भागवू नये. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर काढा. नाही निघाला तर राहू द्या. मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणू नका; धडावेगळं झालेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. वाळूवरच्या मेलेल्या फुग्यासारखंच.

आकडे दोनच सांगतो. देशात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. म्हणजे पेरणी, चिखलणी, भातलावण. त्याआधी २००५ सालासाठी जो अंदाज निघाला होता, त्यात दिसलं की मेलेल्यांतल्या चौघांपैकी तिघांचा जीव दवाखान्याबाहेरच गेला होता. मला पहिल्या आकड्यापेक्षा या दुसऱ्याची भीती वाटते. औषध नाही म्हणून माणूस जाणं वेगळं. औषध वीस किलोमीटरवर आहे आणि माणूस अजून अंगणातच आहे, हे आपलं दुखणं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मी नवा नवा डॉक्टर, श्रावणातली पहाट. वस्तीवरून एक तिशीतली बाई आणली. रात्री घरातली सगळी खाली वाकळ टाकून झोपलेली. साडेतीनला हिच्या पोटात कळा, दोनदा उलटी. मी पोट दाबून बघितलं, आदल्या दिवशी काय खाल्लं ते विचारलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि बाकड्यावर पडून राहायला सांगितलं. तासाभरानं तिच्या सासूनं मला हाक मारली. "डॉक्टर, ही झोपंला आलीया बगा, डोळं उगडंना." मी बघितलं. ती झोपेला आलेली नव्हती. पापण्या वर उचलायला ती कपाळ आक्रसत होती, हनुवटी छातीकडं नेत होती, आणि पापण्या येत नव्हत्या. बोलली तर शब्द नाकात. थुंकी गिळता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. अंगावर दाताची खूण शोधली, सापडली नाही. मण्यार चावल्यावर ती सापडेलच असं नसतं; दात बारीक, दुखणं जवळजवळ नाही, माणूस डास चावल्यासारखा कूस बदलतो. रात्री जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, तर दुसरं काही ठरेपर्यंत ती मण्यार समजायची. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पहाटे साडेचारला आठवलं नाही. तिची गोष्ट अर्धीच ठेवतो, शेवटी पुरी करतो.

मण्यारीचं विष काय करतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून येतो आणि स्नायूपाशी एका बारीक फटीशी थांबतो. फटीच्या अलीकडून एक रसायन सुटतं, पलीकडं स्नायूच्या दाराला लागतं, स्नायू हलतो. नागाचं विष स्नायूच्या दारात बसून राहतं. त्याला हुसकता येतं. लसीबरोबर नियोस्टिग्मिन दिलं की मिटलेल्या पापण्या कधीकधी डोळ्यांदेखत उघडतात. मण्यारीचं विष अलीकडचं टोकच उद्ध्वस्त करतं. ते नव्यानं उगवावं लागतं. त्याला दिवस लागतात, आणि तोवर छातीचे स्नायू बंद असतात. तोवर दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा. यंत्रानं दिला, हातानं दिला, पण दिला की माणूस जगतो.

मग वाटेत आपण काय करायचं? ऐकायला फार थोडं आहे, म्हणूनच लोकांना पटत नाही. सापापासून बाजूला व्हायचं. माणसाला खाली बसवायचं, चालू द्यायचं नाही, पळू तर अजिबात नाही. विष बहुतांशी लसिकावाहिन्यांतून सरकतं, आणि त्या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायू हलले की त्यातला रस पुढं ढकलला जातो. म्हणून मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी, छत्री, काठी, काय असेल ते हातापायाला सैलसर बांधून तो हलणार नाही असं करायचं. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढायचं. सूज आली की नंतर ते कापून काढावं लागतं. उलटी होत असेल, गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन, आणि गाडी यायला वेळ असेल तर मोटरसायकल: पुढं चालवणारा, मध्ये पेशंट, मागं धरून बसणारा. पोलिसांनी अडवलं तर माझं नाव सांगा.

आवळून बांधायचं नाही. हा आपला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वाईट उपचार. बैलाच्या कासऱ्यानं मांडी आवळलेला एक गडी माझ्याकडं आला होता. कासरा मांसात रुतलेला, पाय वांग्यासारखा. आवळून विष थांबत नाही, रक्त थांबतं, आणि घोणशीचं किंवा नागाचं विष आहे त्याच जागी मांस कुजवत बसतं. कुणी बांधून आणलंच, तर वाटेत सोडू नका. डॉक्टर लस आणि बाकीची तयारी हाताशी ठेवून सोडतील, कारण अडलेलं सगळं एकदम आत येतं. ब्लेडनं चिरायचं नाही. घोणस चावलेल्याचं रक्त गोठायचं थांबलेलं असतं, त्याला तुम्ही आणखी एक तोटी काढून देता. तोंडानं ओढायचं नाही, बर्फ नाही, दारू नाही, जखमेला कोंबडी लावायची नाही. त्या कोंबड्या मरतात म्हणून विष उतरलं असं म्हणतात. ज्या रीतीनं धरतात त्या रीतीनं कोंबडी मरणारच.

ऑस्ट्रेलियाची पट्टी आपण का गुंडाळत नाही, असं कुणी विचारेल. तिथले बहुतेक घातक साप नाग-मण्यारीच्या कुळातले, जागेवर फारसं मांस न कुजवणारे. आपल्याकडं कोण चावलं ते कळत नाही, आणि घोणस असली तर विष एका जागी दाबून ठेवणं महागात पडतं. शिवाय ती पट्टी नेमकी किती घट्ट हे शिकलेल्या माणसालाही साधत नाही.

मांत्रिकाबद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल डॉक्टर भ्याला. मांत्रिकाकडं गेलेले पुष्कळ लोक बरे होतात, हे खरं आहे. असं का? कारण चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी पुष्कळ. आणि विषारी सापही काही वेळा नुसता दात लावतो, विष सोडत नाही. या सगळ्यांचं श्रेय मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतं, आणि विष खरंच गेलेला माणूस मेला की 'आणायला उशीर केला' हे वाक्य तयार असतं. त्या बाबतीत आम्ही डॉक्टरही तेच वाक्य बोलतो, आणि आमचं बऱ्याचदा खरं असतं. समर्थांच्या अकरांतला एक मारुती आपल्या गावात आहे. पान लागलेल्याला त्याच्या पुढ्यात आणून ठेवायची रीत मी बघितलेली आहे. मारुतीराया कुठं जात नाही. आधी दवाखाना, मग देऊळ. मांत्रिकाशिवाय घरच्यांचा जीव खाली पडत नसेल तर मांत्रिकाला गाडीत घ्या, वाटेत मंत्र म्हणू द्या. चालत्या गाडीतल्या मंत्राला माझी हरकत नाही.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं? लोकांना वाटतं, गेल्या गेल्या सापाचं इंजेक्शन टोचत नाहीत म्हणजे डॉक्टर टाळतोय. तर एक साधी चाचणी असते. स्वच्छ, कोरडी काचेची नळी. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त. नळी स्टँडवर उभी करायची आणि २० मिनिटं हात लावायचा नाही, धक्का द्यायचा नाही, कुणाला हलवून बघू द्यायचं नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा जागेवर राहिला तर ठीक. पाण्यासारखं खाली वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, बोलायचं काम नाही. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला लागतं. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही फसवतं. मी वर्षानुवर्षं अशा दोन नळ्या कपाटात वेगळ्या ठेवायचो आणि कुणी त्या विसळायला घेतल्या की घर डोक्यावर घ्यायचो.

आणि एकाला लसीच्या दहा-दहा बाटल्या का लागतात? याचं गणित तिसरीतल्या पोराला येईल. घोणस एका वेळी सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. लसीची १० मिलिलिटरची एक बाटली साधारण ६ मिलिग्रॅम विषाचा बंदोबस्त करते. करा भागाकार. पेशंट लहान मूल असलं तरी बाटल्या कमी होत नाहीत. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. ही लस घोड्याच्या रक्तातून होते. थोडं थोडं विष टोचून घोडा तयार करतात, आणि ते विष वर्षानुवर्षं बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेनं पकडलेल्या सापांचं असतं. ज्यांच्या पिढ्या साप पकडून पोट भरण्यात गेल्या, त्यांच्या हातच्या कसबावर आपल्या गावातला गडी वाचतो. इकडच्या सापाचं विष तिकडच्या सापासारखंच असतं असं नाही, त्यामुळं कधी बाटल्या वाढतात. घोड्याचं रक्त म्हटल्यावर काहींना अंगावर पित्त उठतं, दम लागतो. त्यासाठी ॲड्रेनलिन हाताशी ठेवून लस देतात, आणि म्हणूनच ती गावातल्या ओट्यावर द्यायची गोष्ट नाही.

विंचवाचं एक सांगतो, कारण ते ऐकल्याशिवाय कोकणातून आलेले पाहुणे उठणार नाहीत. लाल विंचू चावून महाडकडं माणसं मरायची. हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरायचं, आणि डॉक्टरही हात टेकायचे. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून, रक्तदाब मोजून, नोंदी करून शोधलं की प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी यावर चालते. मृत्यू शेकड्यातून चाळीसच्या घरात होते ते एक-दोनवर आले. पुढं २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या डॉक्टरांना त्या बातमीनं नुसता आनंद झाला नाही, थोडी लाजही वाटली. पेशंट आमच्याकडेही येत होते.

आता ती बाई. जीपमध्ये मागच्या बाकावर तिला आडवं घातलं, तोंडावर मास्क, माझ्या हातात श्वास द्यायचा रबरी फुगा. फुगा दाबायचा, सोडायचा, पाच मोजायचे, परत दाबायचा. तोंडानं मोजत होतो, नाहीतर लय चुकते. सोबत सासू, दीर, आणखी कुणी एक. वाटेतच तिची बोटं हलायची थांबली. डोळे मिटलेले. बाहुल्यांवर उजेड टाकला तर काही हालचाल नाही. दीर म्हणाला, "गेली की वो." सासू रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, तिच्या गळ्यातलं काढून घ्या, दवाखान्यात गहाळ होतंय. मी फुगा दाबत राहिलो. खरं सांगायचं तर मलाही आशा वाटत नव्हती. नाडी लागत होती, म्हणून दाबत होतो. मोठ्या दवाखान्यात तिला यंत्रावर घेतलं.

तीन आठवड्यांनी ती माझ्याकडं आली. चालत. पिशवीत तांदूळ. बाकड्यावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "डॉक्टर, मला समदं ऐकाय येत हुतं."

मी म्हटलं, समदं म्हणजे?

"गळ्यातलं काडाय लागली तवा वरडावं वाटत हुतं, पर तोंड हालंना. तुमी मोजत हुता. येक, दोन, तीन, चार, पाच. पेठ नाक्याला गाडी थांबली तवा तुमी डायवरला कायतरी बोलला, आन् मोजायचं इसरला. तेवड्यात मी मनात मोजलं. सात झालं, आट झालं..."

मग तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.